वर्कशॉपमध्ये नवीन आहात? दिवसभर कानावर राहील असा इअरप्लग नाहीतर इअरमफ कसा निवडायचा

फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये नवीन पोरगं कामाला लागलं की पहिल्या दिवशी त्याला सेफ्टी शूज मिळतात, हातमोजे मिळतात, चष्मा मिळतो, आणि कानासाठी काय असं विचारलंच तर स्टोअरमधून दोरीवाल्या इअरप्लगची एक जोडी हातात पडते. ती दुपारपर्यंत गळ्यात लटकते, संध्याकाळी खिशात जाते आणि आठवड्याभरानं धुवायच्या कपड्यांत सापडते. यात पोराची चूक नसते हो. त्याला ती टोचते, कानात खाज येते, स्वतःचाच श्वास मोठ्यानं ऐकू येतो, मिस्त्रीनं हाक मारलेली कळत नाही, आणि मुळात ती घालायची कशी हेच कुणी दाखवलेलं नसतं.

मी कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत फॅब्रिकेशनच्या कामात 20 वर्षं काढली. त्यातली पहिली सहा वर्षं कानात काहीच नाही, फार तर कापसाचा बोळा. आता माझ्या डाव्या कानाला वरच्या पट्टीतलं ऐकू येत नाही. पावसाळ्यात गावी गेलो की रात्री रातकिड्यांची किरकिर चालू असते, मी उजव्या कुशीवर वळलो की ती एकदम बंद होते, कारण उजवा कान उशीत जातो आणि डाव्याला ती ऐकूच येत नाही. पुन्हा उताणा झालो की किरकिर सुरू. आतल्या कानात केसासारख्या बारीक पेशी असतात, आवाजाच्या माऱ्यानं त्या मेल्या की माणसात परत उगवत नाहीत, त्याला औषध नाही, ऑपरेशन नाही, पुढं कानाचं मशीन लावायचं एवढंच राहतं. गेल्या वर्षी माझा भाचा आमच्याच शेडमध्ये लागला तेव्हा त्याला बसवून जे जे सांगितलं ते सगळं इथं एका जागी लिहितोय.

सगळ्यात आधी एक हिशोब सांगतो कारण बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे. समजा तुमच्याकडं 30 डेसिबल (डेसिबल म्हणजे आवाज मोजायचं माप) आवाज कमी करणारा एक नंबर इअरमफ, म्हणजे हेडफोनसारखा दोन्ही कानांवर वाट्या बसवायचा, आहे आणि शिफ्ट 8 तासांची आहे. 8 तास म्हणजे 16 अर्धे तास. त्यातला एकच अर्धा तास, दोन मिनिटं इथं पाच मिनिटं तिथं करत, तुम्ही मफ काढून ठेवला तर उरलेल्या साडेसात तासांत कानात जवळजवळ काही गेलं नाही असं धरलं तरी दिवसभराच्या माऱ्याचा सोळावा हिस्सा त्या अर्ध्या तासात सरळ आत गेला, आणि सोळावा हिस्सा म्हणजे डेसिबलच्या भाषेत फक्त 12 ची घट. म्हणजे 30 चे पैसे मोजून 12 पदरात पडले. त्यापेक्षा 20 वाला साधा मफ, जो टोचत नाही म्हणून शिफ्टभर कानावरच राहिला, तो कितीतरी चांगला. म्हणून मी आराम आधी बघतो आणि आकडा नंतर. आराम ही चैन नाहीये, त्याच्यावरच सगळं संरक्षण अवलंबून आहे.

आधी तुमच्या जागेचा आवाज ओळखा

मीटर नसला तरी चालतं. हाताच्या अंतरावर उभ्या असलेल्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागतोय का बघा, लागत असेल तर तिथं साधारण 85 डेसिबलच्या वर काम चाललंय असं समजा. कानाजवळ तोंड नेऊन ओरडावं लागत असेल तर 95 च्या वरची गोष्ट आहे. शिफ्ट संपल्यावर कानाला दडे बसल्यासारखं वाटणं, गाडी चालू केली तर तिचा आवाज लांबून आल्यासारखा वाटणं, घरी टीव्हीचा आवाज वाढवल्यावर घरचे ओरडणं, रात्री पडल्यावर कानात बारीक शिट्टी वाजणं, ही सगळी लक्षणं म्हणजे आज कानाला मार बसलाय. सकाळी बरं वाटतं म्हणून आपण सोडून देतो, पण असे दिवस साठत जातात.

डेसिबलचं गणित सरळ नसतं हे लक्षात ठेवा. 3 डेसिबल वाढले की आवाजाची ताकद दुप्पट होते. अमेरिकेतली नायॉश नावाची कामगार आरोग्याची संस्था आहे, तिच्या सल्ल्याप्रमाणे 85 डेसिबलला 8 तास, 88 ला 4 तास, 94 ला 1 तास आणि 100 ला फक्त 15 मिनिटं. आपल्याकडच्या कारखाना नियमांत 8 तासांसाठी 90 ची मर्यादा आहे, पण मी तरी 85 धरूनच चालतो, कान नियम वाचून खराब होत नाही.

आता आपल्या शेडमधलं बघा. चार इंची ग्राइंडर जाड प्लेटवर चालवला की 95 ते 100 च्या आसपास जातो, पातळ पत्र्यावर पत्राच घंटेसारखा वाजतो म्हणून आणखी वर. कटऑफ मशीननं पाइप कापताना 100 च्या पुढं. गाउजिंग, म्हणजे कार्बनच्या रॉडनं लोखंड वितळवून हवेच्या झोतानं उडवणं, ते तर 110 च्या वर, त्या बाजूला नुसतं उभं राहणाऱ्यालाही पुरे. घणानं जॉब सरळ करताना जो ठणका बसतो तो क्षणभराचाच असतो पण कानाला सगळ्यात वाईट, कारण कान सावध व्हायच्या आतच तो आत गेलेला असतो. इचलकरंजीत मागाच्या शेडमध्ये कधी उभे राहिला असाल तर तिथं ठणका नाही पण एकसारखा खडखडाट असतो, दिवसभर, एक मिनिट उसंत नाही, तिथला हिशोब वेगळा आणि तिथं सलग घालता येईल अशीच वस्तू लागते.

मोबाईलचं अॅप अंदाजापुरतं ठीक आहे, पण मोबाईलचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो, फार मोठा आवाज आणि घणाचा ठोका त्याला नीट पकडता येत नाही. अॅप 92 दाखवतंय म्हणून निश्चिंत राहू नका.

पाकिटावरचा आकडा वाचायला शिका

भाच्यानं दुकानात मला विचारलं, मामा, हा 29 वाला आहे आणि तो 37 वाला, मग 37 वालाच घेऊया की. मी पाकीट उलटं करून त्याला दाखवलं, दोन्ही आकडे एकाच प्लगचे होते. थ्रीएमचा 1100 नंबरचा केशरी फोमचा प्लग सगळ्यांनी बघितला असेल, त्याचा एनआरआर 29 आहे आणि एसएनआर 37. आवाज किती डेसिबलनं कमी होतो ते सांगायची एनआरआर ही अमेरिकन पद्धत, एसएनआर युरोपची, मोजायची रीत वेगळी म्हणून आकडा वेगळा. दोन वस्तूंची तुलना करायची असेल तर एनआरआरची एनआरआरशी आणि एसएनआरची एसएनआरशी करा. आयएस 9167 हा इअर प्रोटेक्टरसाठीचा भारतीय स्टँडर्ड आहे, पाकिटावर हा किंवा युरोपचा ईएन 352 छापलेलं बघून घ्या. ज्यावर काहीच छापलेलं नाही आणि दुकानदार नुसतं भारी माल आहे म्हणतोय ते घेऊ नका.

दुसरी गोष्ट, हे आकडे लॅबमध्ये माणसाला शांत बसवून, नीट घालून काढलेले असतात. शेडमध्ये तेवढं मिळत नाही. एक जुना सोपा हिशोब वापरतात, एनआरआरमधून 7 वजा करा आणि उरलेल्याचं अर्धं करा. 29 वजा 7 म्हणजे 22, त्याचं अर्धं 11. म्हणजे 100 डेसिबलच्या ग्राइंडरवर तो प्लग कसातरी कोंबला तर कानात 89 जातील असं धरून चाला. नीट घातला तर याच्यापेक्षा पुष्कळ जास्त मिळतं, आणि नीट घालणं आपल्याच हातात आहे, त्यावर पुढं येतोच.

जास्त आकडा म्हणजे जास्त चांगलं असंही नाही. कानात पोचणारा आवाज 75 ते 80 च्या दरम्यान राहिला तर उत्तम. तो 70 च्या खाली गेला की माणसाला कोंडल्यासारखं होतं, फोर्कलिफ्टचा हॉर्न कळत नाही, मशीनचा आवाज बदललेला कळत नाही, मग माणूस एका कानाचा प्लग थोडा सैल करून ठेवतो, आणि आपण परत त्या अर्ध्या तासाच्या हिशोबावर येतो. 90 च्या आसपासच्या जागेला 30 चा जाडजूड मफ घालून बसायची गरज नाही.

गाउजिंग किंवा जड घणकाम असेल तर प्लग आणि त्यावर मफ असं दोन्ही घालतात. त्यांची बेरीज होत नाही, दोघांतला जो मोठा त्याच्यावर साधारण 5 डेसिबल आणखी मिळतात, कारण एका मर्यादेनंतर आवाज कवटीच्या हाडातूनच आत जातो.

फोम, रबर की मफ

फोमचा प्लग सगळ्यात स्वस्त, एक जोडी वडापावपेक्षा कमी पैशात येते, नीट बसला तर संरक्षण सगळ्यात चांगलं, उन्हाळ्यात घाम नाही, चष्म्याची अडचण नाही, वेल्डिंगच्या स्क्रीनखाली आरामात राहतो. अडचण एकच, तो बोटांनी वळून घालावा लागतो आणि आपले हात ग्राइंडिंगच्या काळ्या धुळीनं माखलेले असतात. तीच धूळ कानात गेली की खाज, मग खाजवणं, मग कान सुजणं. म्हणून ज्याला दिवसातून दहा वेळा काढ-घाल करावी लागते त्यानं फोमच्या नादाला लागू नये. ज्याचं काम सलग दोन-दोन तास एका जागी चालतं त्याला फोमसारखं काही नाही.

रबर किंवा सिलिकॉनचे, एकावर एक तीन छत्र्या असल्यासारखे दिसणारे प्लग धुऊन परत वापरता येतात. मागं दांडी असते म्हणून हात खराब असला तरी दांडीला धरून घालता येतात, कानात जाणाऱ्या भागाला बोट लागत नाही. यांचा आकडा फोमपेक्षा कमी असतो, पण आकार जुळला तर रोजच्या ग्राइंडिंगला पुरतात. जुळला नाही तर कानाच्या भोकाच्या कडेला दाब येऊन तासाभरात दुखायला लागतं, मग मोठ्याऐवजी लहान साइज मागा. बऱ्याच जणांचं उजवं आणि डावं भोक वेगवेगळ्या मापाचं असतं, हे मला दहा वर्षांनी कळलं. बायकांना बहुतेक वेळा लहान साइज लागतो आणि स्टोअरमध्ये एकच साइज असतो, तिथं भांडून मागून घ्या.

दोरीवाले प्लग हरवत नाहीत म्हणून चांगले, पण लेथ, ड्रिल, बफिंग, जिथं काही गरागरा फिरतंय तिथं गळ्यात दोरी नको म्हणजे नकोच. दोरी शर्टाच्या आत घालतो असं म्हणू नका, बिनदोरीचे घ्या. आणि वरच्या बाजूला वेल्डिंग करताना ठिणगी कानात जायची भीती असते, उघड्या कानात गरम थेंब गेला तर पडद्याला भोक पडू शकतं, तेव्हा ओव्हरहेड वेल्डिंगवाल्यानं कान उघडा ठेवायचाच नाही, आणि फोमवर ठिणगी पडली तर फोम जळतो म्हणून त्यावरून कातडी टोपी नाहीतर मफ हवा.

इअरमफचा मोठा फायदा म्हणजे घालायला शिकावं लागत नाही आणि काढ-घाल सोपी. फिटरच्या हेल्परला, सुपरवायझरला, जो शेडमधून आत-बाहेर करतो त्याला मफच बरा. कान वाहत असेल, कानात फोड असेल, नुकताच मळ काढलेला असेल तरी प्लग नको, मफ घाला आणि डॉक्टरला दाखवा.

मफ घेताना तीन गोष्टी बघा. एक म्हणजे वजन, 350 ग्रॅमचा मफ हातात हलका लागतो पण दुपारी तीन वाजता मान सांगते. दुसरं, वाटीच्या आत कान पूर्ण मावतो का, कानाची कड गादीखाली दबली तर अर्ध्या तासात दुखणार. तिसरं पट्ट्याचा दाब, फार घट्ट असला की डोकं धरतं, फार सैल असला की आवाज आत येतो. पट्टा ताणून सैल करायचा उद्योग पोरं करतात, एकदा ताणलेला पट्टा परत घट्ट होत नाही, तो मफ मग शोभेचा. हेल्मेट सक्तीचं असेल तर हेल्मेटला अडकवायचे मफ मिळतात, आणि वेल्डिंग स्क्रीन वापरणाऱ्यासाठी मानेमागून पट्टा जाणारे मिळतात, डोक्यावरून पट्टा घेऊन त्यावर स्क्रीन चढवायची झटापट करू नका.

कापसाचा बोळा मात्र सोडून द्या, त्यानं आवाज दबल्यासारखा वाटतो पण खरं संरक्षण नाहीच्या बरोबर. डोक्याला बांधलेला रुमाल कानावरून घेतला तरी तेच. मोबाईलचे इअरफोनही चालत नाहीत, त्यावर एनआरआर लिहिलेला नसतो, आणि शेडचा आवाज दाबायला माणूस गाणं मोठं करतो म्हणजे बाहेरचा मार आणि आतलाही मार.

तुमचा चेहरा, चष्मा आणि आपला उन्हाळा

मफचं सगळं काम त्या गादीच्या सीलवर चालतं. मध्ये काहीही आलं की फट पडते आणि आवाज फटीतून पाण्यासारखा आत येतो. सेफ्टी चष्म्याची जाड काडी सगळ्यात मोठा गुन्हेगार. भाचा तक्रार करायचा की मामा मफ घालूनही आवाज येतोय, मी त्याला ग्राइंडर चालू असताना मफ घालायला लावला आणि चष्म्याची काडी दोन बोटांनी जराशी उचलायला सांगितली, त्याच्या तोंडावरच दिसलं, एकदम आवाज वाढला. काडी खाली सोडली तरी थोडी फट राहतच होती. मग पातळ चपट्या काडीचा चष्मा आणला तेव्हा कुठं जमलं. चष्मा नंबरचा असेल आणि काडी बदलता येत नसेल तर सरळ प्लगकडं वळा.

तसंच लांब कल्ले, कानावर येणारे केस, मास्कची दोरी, टोपीची कड. भिकबाळी घालत असाल तर मफची गादी तिच्यावर दाबली जाते, दुपारपर्यंत कान लाल होतो, कामावर काढून ठेवा नाहीतर प्लग वापरा. बायकांच्या कुड्यांचंही तसंच. स्कार्फ बांधायचा असेल तर मफ आधी थेट कातडीवर आणि स्कार्फ त्याच्यावरून, उलटं नाही.

एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या शेडमध्ये मफच्या आत घामाचं तळं होतं, हे मी कितीही सांगितलं तरी बदलणार नाही. आमच्याकडं बरेच जण जूनपासून फेब्रुवारीपर्यंत मफ आणि उन्हाळ्यात प्लग असं करतात आणि ते मला पटतं. वर्षभर एकच वस्तू वापरली पाहिजे असं कुठं आहे? काही जण गादीवर सुती कापडाचं कव्हर चढवतात, घाम टिपला जातो पण सील थोडं कमी होतं, तेव्हा फार मोठ्या आवाजात ते नको.

प्लग घालायचा कसा, हे हळू वाचा

हात साबणानं धुवा. प्लग अंगठा आणि दोन बोटांत धरून वातीसारखा वळा, कापूस वळून वात करतो तशी बारीक, सरळ, सुरकुती नसलेली. सुरकुती राहिली तर तिथूनच आवाज आत येतो. आता उजव्या कानात घालायचा असेल तर डावा हात डोक्यावरून पलीकडं न्या आणि उजव्या कानाचा वरचा भाग धरून वर आणि जरा मागं ओढा. कानाचं भोक सरळ नसतं, वाकडं असतं, ओढल्यावर ते सरळ होतं, आणि ही एवढी एक गोष्ट नव्वद टक्के पोरं करत नाहीत. कान ओढलेलाच ठेवून वळलेला प्लग आत सरकवा आणि बोट लावून तसाच धरा, मनात तीसपर्यंत मोजा, तोवर तो आत फुगतो. लगेच सोडला तर फुगता फुगता बाहेर येतो.

बसला का कसं कळणार? आरशात समोरून बघा, प्लगचं टोक कानाबाहेर आलेलं दिसत असेल तर तो वरवरच बसलाय, काढून परत वळा, अर्धवट बसलेला तसाच ढकलू नका. मग मशीन चालू असताना दोन्ही तळवे कानावर घट्ट दाबा आणि सोडा. दाबल्यावर आवाजात फारसा फरक पडत नसेल तर प्लग नीट बसलेत, दाबल्यावर एकदम शांत झालं तर ते गळतायत. अजून एक, तोंड मिटून हूं करून गुणगुणा, दोन्ही कानांत सारखं घुमलं पाहिजे, एकाच बाजूला जास्त घुमलं तर दुसरी बाजू सैल आहे.

काढताना झटका देऊन ओढू नका, पडद्याला ताण बसून कळ येते. हळू पिळत पिळत काढा म्हणजे हवा आत जाते.

भाच्याला पहिल्यांदा हे जमायला वीस मिनिटं लागली, चिडला, म्हणाला राहू दे. पाचव्या वेळी बसला बरोबर तेव्हा तो दोन क्षण गप्प झाला आणि म्हणाला, मामा, ग्राइंडर बंद केला काय कुणी?

पहिला आठवडा

पहिल्याच दिवशी 8 तास घालायला जाऊ नका म्हणजे दुसऱ्या दिवशी नको वाटणार नाही असं काही जण सांगतात, मी थोडं वेगळं सांगतो. जिथं आवाज मोठा आहे तिथं पहिल्या दिवसापासून घालायचाच, पण सवय घरी करा. रात्री टीव्ही बघताना अर्धा तास, दुसऱ्या दिवशी तासभर. कानाला आत काहीतरी असल्याची सवय होते आणि शेडमध्ये तेवढी चिडचिड होत नाही. दोन-तीन प्रकार आणून बघा, सँपल मागितलं तर सेफ्टीचं सामान विकणारे दुकानदार बरेचदा देतात. एखादा प्रकार तीन दिवसांनंतरही दुखत असेल तर तो तुमच्या कानाचा नाही, बदला. कानाच्या मापाचे खास प्लग ऑडिओलॉजिस्टकडं, म्हणजे ऐकणं तपासणाऱ्या तज्ज्ञाकडं, साचा घेऊन बनवून मिळतात, महाग असतात, पण नेहमीचा कुठलाच प्लग बसत नसेल तर विचार करायला हरकत नाही.

शेडमध्ये शिरायच्या आधी घालायचा आणि बाहेर आल्यावर काढायचा. फोन आला की बाहेर जाऊन घ्या. कुणाशी बोलायचं तर मफ उचलून नाही, खूण ठरवून घ्या, आमच्याकडं खांद्यावर दोन थापा म्हणजे मशीन बंद कर आणि बघ. एक गंमतीची गोष्ट म्हणजे मोठ्या आवाजात कान चांगले असलेल्या माणसाला प्लग घातल्यावर समोरच्याचं बोलणं बरेचदा जास्त स्पष्ट कळतं, कारण कान भरून गेलेला नसतो. पण प्लग घातला की स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो म्हणून आपण नकळत हळू बोलायला लागतो आणि समोरच्याला काही ऐकू येत नाही, तेव्हा मुद्दाम मोठ्यानं बोला. ज्याचा कान आधीच गेलाय त्याला मात्र प्लग घालून बोलणं कळायला अवघड जातं, माझं तसंच होतं, अशा माणसाला बाहेरचा बोलण्याएवढा आवाज आत सोडणारे आणि मोठा आला की तोडणारे इलेक्ट्रॉनिक मफ उपयोगी पडतात.

आणि जमेल तिथं आवाजच कमी करा. पत्रा मोकळा न ठेवता क्लँप करून खाली वाळूची पिशवी नाहीतर रबर शीट ठेवली की त्याचं वाजणं कमी होतं. शक्य तिथं ग्राइंडिंग व्हीलऐवजी फ्लॅप डिस्क (पॉलिश पेपरच्या पट्ट्यांची चकती) वापरली तरी फरक जाणवतो. कॉम्प्रेसर भिंतीपलीकडं गेला तर सगळ्यांचंच भलं.

देखभाल आणि तपासणी

फोमचा प्लग धुवायचा नाही, धुतला की कडक होतो आणि फुगत नाही. मळला की फेकून नवीन घ्या. रबरचा रोज संध्याकाळी साध्या साबणाच्या पाण्यानं धुऊन सावलीत वाळवा आणि झाकणाच्या डबीत ठेवा, पँटच्या खिशात लोखंडाच्या बुकणीसोबत नाही. मफच्या गाद्या घामानं कडक होतात, चिरा पडतात, साधारण सहा महिन्यांनी गाद्या आणि आतला फोम बदलायचा, सुटे मिळतात, अख्खा मफ टाकायची गरज नसते.

कामाला लागताना एकदा ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या आणि मग दरवर्षी. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, शेडमध्ये पाय टाकायच्या आधी करा, किमान 14 तास आवाजापासून लांब राहिलेलं असलं पाहिजे, नाहीतर तात्पुरते बसलेले दडेच रिपोर्टमध्ये येतात. आवाजानं बिघडलेला कान आलेखात ओळखू येतो, 4000 हर्ट्झच्या आसपास रेघ खड्ड्यात जाते आणि पुढं परत वर येते. तो खड्डा पडायला लागला तेव्हा आपल्याला काहीच जाणवत नसतं, गप्पा ऐकू येतात, फोन ऐकू येतो. मग हळूहळू स, श, फ असे शब्दांतले बारीक आवाज निसटायला लागतात, लहान मुलांचं आणि बायकांचं बोलणं पुटपुटल्यासारखं वाटतं, आणि आपण त्यांनाच म्हणतो जरा नीट बोला. पहिला रिपोर्ट जपून ठेवा. आवाजामुळं आलेलं कानाचं नुकसान कायद्यातल्या कामामुळं होणाऱ्या आजारांच्या यादीत आहे, आणि सुरुवातीला कान कसा होता हे दाखवायला तोच कागद लागतो.

एका कानाचं ऐकणं अचानक एका दिवसात गेलं, किंवा शिट्टी दुसऱ्या दिवशीही थांबली नाही, चक्कर येतेय, कानातून पाणी येतंय, तर तेल घालून बघू, रविवारी बघू असं करू नका, त्याच दिवशी कान-नाक-घसावाल्या डॉक्टरकडं जा. अचानक गेलेल्या कानात पहिले काही दिवसच उपचाराचे असतात.

शेवटची एक छोटी युक्ती, आमच्या शेडमध्ये ही सगळ्यात जास्त चाललीय. मफ लॉकरमध्ये ठेवू नका. ग्राइंडर जिथं टांगता त्याच खिळ्याला, ग्राइंडरच्या वरून मफ अडकवा, म्हणजे ग्राइंडर घ्यायला हात गेला की आधी मफच काढावा लागतो, आणि हातात आलाच आहे तर तो कुठं ठेवायचा, कानावरच.